बाबांची कंबर बसमुळे गेली नाही, हे पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं (नळ स्टॉपजवळचं मणक्याचं क्लिनिक, ५ पैकी साडेचार)

खूप दिवस लिहायचं राहत होतं, आज बसलेच. पुण्यात नळ स्टॉप मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर हे क्लिनिक आहे. फिजिओच्या मॅडम रोज असतात आणि मणक्याचे डॉक्टर बुधवार-शनिवार संध्याकाळी येतात. मी मार्चपासून जातेय. लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगते, कारण कंबरदुखीवाला माणूस रात्री दोन वाजता उताणा पडून फोनवर हेच शोधत असतो, मी पण शोधत होते, आणि "छान अनुभव, स्टाफ चांगला" एवढं वाचून काहीच कळत नाही.

माझं वय ४३, राहायला कर्वेनगर, काम सदाशिव पेठेत सीएच्या ऑफिसात, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्ची. फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी बेडशीट पिळायला वाकले आणि कमरेत काहीतरी चमकलं, संध्याकाळपर्यंत डाव्या मांडीतून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ. शिंक आली तरी डोळ्यासमोर अंधारी. एमआरआय काढला, रिपोर्टमध्ये एल ४-एल ५ ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी (डिस्क) सरकलीये, डाव्या बाजूची नस दाबली जातेय, आणि वरच्या दोन गाद्या पण सुकल्यात असं लिहिलेलं. ते वाचून मी रडले, खरं सांगते, कारण मला लगेच बाबा दिसले.

बाबा पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेत, ड्रायव्हर होते. ३१ वर्षं, शेवटची दोन पीएमटीची पीएमपीएमएल झाल्यावरची, बहुतेक सगळी स्वारगेट डेपोतून. त्यांची कंबर पन्नाशीच्या आधीच गेली. आमच्या घरात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय की बसने बाबांची कंबर खाल्ली. ते इंजिन शेजारी तापलेलं, ती सीट, ते खड्डे. आई तर सरळ म्हणायची की तुमच्या शिक्षणापायी त्यांनी कंबर मोडून घेतली. ती वाईट अर्थाने नाही म्हणायची पण दादाने आणि मी ते आयुष्यभर पाठीवर घेतलंय. आणि आता माझी गेली तर सगळे म्हणाले, खुर्ची आणि ॲक्टिव्हा, कर्वेनगर ते सदाशिव पेठ रोजचे स्पीडब्रेकर, अजून काय होणार.

इथे यायच्या आधी दोन ठिकाणी जाऊन आले. पहिल्या ठिकाणी वीस सिटिंगचं पॅकेज, रोज शेक, मग कंबर ताणायचं ट्रॅक्शन, मग मशीनच्या त्या चिकटपट्ट्या, आणि सूचना काय तर वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, पट्टा झोपतानाच काढायचा. पायातली कळ थोडी कमी झाली पण मी इतकी घाबरले की पडलेला चमचा उचलायला मुलीला हाक मारायचे. दुसरीकडे, बाणेरला, एका चकाचक सेंटरमध्ये सांगितलं की तुमच्या घराण्यात आहे म्हणजे जीन्सचा प्रॉब्लेम आहे, तोंडातला स्वॅब द्या, साडेचौदा हजार रुपये, रिपोर्ट आला की त्याप्रमाणे गादी पुन्हा भरून आणणाऱ्या गोळ्या देऊ. मी ॲडव्हान्स भरणार होते. नवरा म्हणाला एक ओपिनियन घे अजून, ऑफिसातल्या एका ताईंनी हे क्लिनिक सांगितलं, म्हणून वाचले.

आता इथलं. पहिल्या व्हिजिटला डॉक्टरांनी एमआरआयचं पाकीट बाजूलाच ठेवलं. आधी पायाची ताकद पाहिली, टाचांवर चालायला लावलं, अंगठा वर दाबून धरायला लावला, पाय सरळ उचलून कुठे कळ येते ते पाहिलं. मग विचारलं, सकाळी उठल्यावर किती वेळ आखडल्यासारखं वाटतं, रात्री दुखण्याने जाग येते का, हालचाल केली की बरं वाटतं की वाढतं. मग लघवी-संडासवरचा ताबा, बसायच्या जागी बधिरपणा आहे का. हे प्रश्न मला आधी कुणी विचारले नव्हते. मग म्हणाले घरात अजून कुणाची कंबर दुखते. मी बाबा म्हटलं, मग आठवत गेले, आत्या, जिने आयुष्यात गाडी चालवली नाही, शिवणकाम पण नाही, तिचं साठीत ऑपरेशन झालं. आत्याचा मुलगा, ३१ व्या वर्षी ऑपरेशन. आणि माझा दादा, हिंजवडीत आयटीत, त्याचं पण दोन वर्षांपासून सुरू आहे. डॉक्टर माझ्याच फाईलच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बायकांसाठी गोल आणि पुरुषांसाठी चौकोन काढत होते, रेघा जोडत होते, आणि ज्यांना त्रास आहे ते पेनाने भरत होते. पाचपैकी पाच भरलेले. ते माझ्यासमोर सरकवून म्हणाले, यात बस कुठे दिसतेय तुम्हाला?

मला काही बोलायलाच सुचलं नाही.

मग त्यांनी सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलंय म्हणून इथे आकड्यांसकट देऊ शकतेय. फिनलंडमध्ये जुळ्या भावांवर मोठं काम झालंय, एकाच बीजापासून झालेले जुळे, म्हणजे जीन्स सारखेच. १९९५ च्या पेपरमध्ये अशा ११५ जोड्यांचे एमआरआय होते. कमरेच्या वरच्या भागातल्या गाद्यांची झीज माणसामाणसात जी वेगळी दिसते, त्यातला फक्त ७ टक्के फरक अंगमेहनतीच्या कामाने समजावता आला, वय धरलं तर १६, आणि एकाच घरातले असणं धरलं तर एकदम ७७ टक्के. अगदी खालच्या दोन गाद्यांना मात्र तेच सगळं धरून ४३ टक्केच, म्हणजे तिथे अजून बरंच काही असतं जे मोजता आलं नाही. आणि त्याच लोकांनी पुढे ४५ जोड्या अशा घेतल्या ज्यात एक भाऊ आयुष्यभर ड्रायव्हर आणि दुसरा नाही, किंवा अगदी कमी. २००२ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ड्रायव्हर भावाच्या गाद्या दुसऱ्या भावापेक्षा जास्त झिजलेल्या निघाल्या नाहीत.

हे मी तीनदा विचारलं. डॉक्टर न कंटाळता तीनदा बोलले, आणि एक गोष्ट नीट वेगळी करून सांगितली, की झीज वेगळी आणि दुखणं वेगळं. तासन् तास हादरे खात बसलं की कंबर दुखू शकते, बाबांचं दुखणं बसमध्ये वाढलं असेल हे अगदी शक्य आहे, पण गादीच त्या नोकरीने खलास झाली असं म्हणायला आधार नाही. आणि ७७ टक्के म्हणजे तुमच्या नशिबातला ७७ टक्के भाग असं पण नाही, तो आकडा लोकांच्या गटातल्या फरकाबद्दल आहे, एकट्या तुमच्याबद्दल नाही. ही दुसरी गोष्ट मला पचायला दोन व्हिजिटा लागल्या.

मग जीन्सच्या टेस्टचं विचारलं. ते म्हणाले घराण्यातून येतं हे खरं, पण "कंबरेचा जीन" असा एक नसतो. १९९८ मध्ये व्हिटॅमिन डी च्या रिसेप्टरच्या जीनचा संबंध दिसला, १९९९ मध्ये फिनलंडच्याच पेशंट्समध्ये कोलॅजन ९ च्या जीनमधला एक बदल सापडला, त्याच वर्षी जपानमध्ये ॲग्रेकन नावाच्या प्रोटीनचा, २००५ मध्ये परत जपानमध्ये सीआयएलपी नावाच्या जीनचा, शिवाय सूज आणणाऱ्या इंटरल्युकिन १ चे, एमएमपी ३ नावाच्या एन्झाइमचे. प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा, आणि एका देशातल्या लोकांत जे दिसतं ते दुसऱ्या देशात तसंच दिसेल असं नाही. त्यामुळे तुमचा रिपोर्ट काहीही आला तरी मी तुम्हाला उद्या जो व्यायाम सांगणार आहे तो बदलणार नाही, मग कशाला पैसे घालवता. दादाचं मात्र त्यांनी वेगळं विचारलं, तो सकाळी तासभर आखडतो, पहाटे जाग येते, चाललं की मोकळा होतो. त्याला बोलवून घ्या म्हणाले, कारण तो प्रकार गादीचा नसून सांध्यांच्या सुजेचा असू शकतो, ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस, आणि तिथे एचएलए बी २७ ही रक्ताची तपासणी बघायला अर्थ असतो. म्हणजे जिथे कामाची तिथे टेस्ट, नाहीतर नाही. बाणेरच्या त्या सेंटरमध्ये दोन्हीतला फरक पण कुणी सांगितला नव्हता.

सुजेचा भाग समजावला तो मला सगळ्यात आवडला. डॉक्टरांच्या टेबलावर मणक्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल आहे, गादीच्या जागी लाल रबर. ते हातात घेऊन म्हणाले, हे रबर बघून लोकांना वाटतं टायरसारखं घासून घासून संपतं. तसं नसतं, गादी जिवंत आहे, आत पेशी आहेत. मधला भाग सब्जासारखा, भिजवलेला सब्जा कसा पाणी धरून फुगतो तसं ॲग्रेकन पाणी धरून ठेवतं, तरुणपणी त्या गराचा जवळजवळ ८० टक्के भाग पाणीच असतो. भोवती काथ्याच्या दोरीसारखे तिरके तिरके थर. आणि मोठ्या माणसाच्या गादीच्या आत रक्तवाहिनी जवळपास नसतेच, वर-खालच्या हाडाच्या कडेने झिरपून जे येईल त्यावर त्या पेशी जगतात. आता जीन्समुळे कुणाचं ॲग्रेकन कमी टिकाऊ, कुणाचं कोलॅजन जरा कच्चं, वय वाढतं, झिरपणं कमी होतं, की त्या पेशीच टीएनएफ अल्फा, इंटरल्युकिन १ बीटा असली सूज आणणारी रसायनं सोडायला लागतात. त्यांच्यामुळे ॲग्रेकन कापणारी एन्झाइम्स वाढतात, पाणी सुटतं, गादी बसते, थरांना चिरा पडतात. नेहमी फक्त बाहेरच्या थरापर्यंत असलेले मज्जातंतूचे धागे त्या चिरांतून आत येतात आणि मग दुखतं.

आणि पायाची कळ? मी म्हटलं नस दाबली गेलीये ना. हो म्हणाले, पण नुसतं दाबणं नाही, आतला गर नसेजवळ आला की तो गर स्वतःच नसेला चिडवतो, तिथे सूज येते, म्हणून काहींचा एमआरआय भयंकर आणि त्रास कमी, काहींचं उलट. मला धीर आला तो पुढच्या वाक्याने. तीच सूज सफाई पण करते. बाहेर आलेल्या तुकड्याकडे शरीराच्या मॅक्रोफेज पेशी धावतात आणि तो खाऊन लहान करतात, आणि पूर्ण बाहेर आलेले मोठे तुकडे तर बऱ्याचदा जास्त आक्रसतात. म्हणून ताकद चांगली असेल, लघवी-संडासचा ताबा असेल तर काही आठवडे थांबायला हरकत नाही. पाऊल उचलता येईनासं झालं, जांघेत बधिर झालं किंवा लघवी अडली तर एक मिनिट न थांबता हॉस्पिटल, हे त्यांनी माझ्या फाईलवर लाल पेनाने मराठीत लिहून दिलं. इंग्रजीत नाही, मराठीत, म्हणजे घरात कुणीही वाचेल.

वरच्या सुकलेल्या गाद्यांबद्दल पण विचारलं, कारण त्या रिपोर्टने माझी झोप उडवली होती. २०१५ मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनचं संकलन झालंय, त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांत झीज दिसली आणि चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांत. न दुखणाऱ्या लोकांत! माझ्या वयाच्या तिघांतल्या दोघांत. हे वाक्य एमआरआय सेंटरने रिपोर्टच्या खाली छापायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता मॅडमचं काम, कारण डॉक्टरांनी समजावलं तरी मला चालतं केलं ते मॅडमनी. पहिल्याच सेशनला त्या म्हणाल्या पट्टा काढा. मी नाही म्हटलं. जबरदस्ती केली नाही, म्हणाल्या बरं, पट्ट्यावरूनच श्वास घेऊ. तिसऱ्या सेशनला काढला. पाचव्याला त्यांनी तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा जमिनीवर ठेवला आणि म्हणाल्या उचला. माझे हात थरथरत होते. त्या माझ्या शेजारी उभ्या, हात लावला नाही, फक्त म्हणाल्या, तुमची गादी तुमच्यापेक्षा कमी घाबरलीये. उचलला. पुढच्या आठवड्यात त्यात दोन लिटर पाणी, मग तीन, जूनमध्ये भरलेला. मशीन आहेत त्यांच्याकडे, पण दुखणं फार असेल त्या दिवशी दहा मिनिटं, बाकी चाळीस मिनिटं तुम्हीच हलायचं. घरी रोज चालणं, मी आधी गल्लीत, मग कमला नेहरू पार्क, आता रविवारी एआरएआयची टेकडी निम्मी. वजनाबद्दल पण बोलल्या, लाजवून नाही, चरबी पण सूज आणणारी रसायनं सोडते एवढं सांगून. माझं साडेचार किलो कमी झालंय. दादाच्या सिगरेटबद्दल डॉक्टर जास्त कडक बोलले, आधीच जिथे रक्त कमी पोचतं तिथलं तो अजून का कमी करतो म्हणून, आणि ते बरोबरच आहे.

पैसे. डॉक्टरांची पहिली व्हिजिट ८००, नंतर ५००, मॅडमचं सेशन ५००. पॅकेज नाही, ॲडव्हान्स नाही. मी आठवड्यातून दोनदा जायचे, मग एकदा, आता महिन्यातून एकदा, आणि हे कमी त्यांनीच केलं. गोळ्या डॉक्टरांनी सुरुवातीला दहा दिवस दिल्या तेवढ्याच.

अर्धा स्टार का कापला ते पण लिहिते. पहिला मजला आणि लिफ्ट नाही, १८ पायऱ्या, ज्याला पायात कळ आहे त्याने काय करायचं. आजी-आजोबा जिन्यात थांबून थांबून चढताना मी पाहिलेत, खाली एखादी खोली घ्या प्लीज. एक ते चार बंद, ठीक आहे, पण फोन पण तेव्हा कुणी उचलत नाही आणि चारनंतर सगळेच लावतात म्हणून लागत नाही, व्हॉट्सॲप करा, तासाभरात उत्तर येतं. डॉक्टर एका पेशंटला अर्धा तास देतात त्यामुळे शनिवारी माझा नंबर ठरल्या वेळेच्या सव्वा तासाने आला. वेटिंगमधल्या लोखंडी खुर्च्या कंबरवाल्यांसाठी नाहीत, मी उभीच राहते, बरेच जण उभे असतात. पार्किंग विसरा, मेट्रोने या.

कळ गेली का, तर पायातली पूर्ण गेली, जुलैपासून नाही. कमरेत ऑफिसच्या रिटर्न भरायच्या दिवसांत दुखतं, उठून दोन फेऱ्या मारल्या की कमी होतं, घाबरायला होत नाही.

ऑगस्टमध्ये बाबांना घेऊन गेले. ७४ वय, जिना हळूहळू चढले. मॅडम "या काका" म्हणत दारापर्यंत आल्या. डॉक्टरांनी फाईलच्या मागचं ते गोल-चौकोनांचं चित्र त्यांना दाखवलं, ड्रायव्हर भावांचं सगळं परत सांगितलं. बाबा हातातली टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत होते. मग विचारलं, म्हणजे गाडीने नाही केलं? डॉक्टर म्हणाले, काका, तुमच्या बहिणीने कधी बस चालवली? बाबा बराच वेळ चित्राकडेच बघत राहिले, मग आत्याच्या गोलावर बोट ठेवून म्हणाले, आमच्या आईचा पण एक काढा, ती शेवटी शेवटी वाकूनच चालायची. डॉक्टरांनी काढला आणि भरला.

घरी येताना मेट्रोत ते मला म्हणाले, तुझ्या आईला सांग हे, तिला वाटतं मी उगाच नोकरी धरून बसलो. मी सांगितलं. आईने दोनदा विचारलं, आणि मग म्हणाली दादाला पण लवकर दाखव. त्याला पुढच्या शनिवारची साडेसहाची वेळ मिळालीये.